पॉजवर ठेवलेला गेम

सोमवार, ६ नोव्हेंबर २०१७

नवी वही, नवी नोकरी आणि खिडकीतून कात्रजचा डोंगर. एवढं सगळं एका दिवसात मिळाल्यावर माणसाने कुरकुर करू नये, म्हणून गॅसची शेगडी नीट पेटत नाही हे मी लिहिणार नाही.

मार्चमध्ये कंपनीने आम्हा चाळिशीच्या पुढच्यांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं आणि फार गोड बोलून घरी पाठवलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत होते. नंतरचे महिने मुलाखतींत गेले. समोर बसलेला मुलगा माझ्या लेकीहून, पूर्वाहून, जेमतेम मोठा असायचा, मला मॅम म्हणायचा आणि माझं वय कागदावर बघून पाणी प्यायचा. मग विक्रमची जाहिरात दिसली. नव्वदच्या दशकातले व्हिडिओ गेम पुन्हा खेळून बघायला माणूस हवा होता. राहायची सोय तिथेच.

विक्रम आंबेगावचा. घरची जमीन बायपासच्या रस्त्यात गेली आणि कडेला एक पट्टी उरली, एका खोलीच्या रुंदीची. कुठलाच बिल्डर तिच्याकडे बघेना, म्हणून याने तिच्यावर एकामागे एक सहा खोल्या बांधल्या. रस्त्याच्या टोकाला दार. तिथून दुसऱ्या खोलीत, दुसरीतून तिसरीत, असं सरळ पुढे. मधे बोळ नाही, मागे दार नाही. खिडक्या एकाच बाजूला आणि त्यांच्यासमोर बजरंगचं वेल्डिंगचं दुकान.

इथे जुन्या गेमांचं संग्रहालय होणार आहे. हिंजवडीचे बाप रविवारी पोरांना घेऊन येतील आणि स्वतःच खेळत बसतील, असा विक्रमचा अंदाज. मी प्रत्येक गेम खेळायचा आणि पाटीसाठी चार ओळी लिहायच्या: तेव्हा तो कसा वाटायचा, आज त्यातलं काय टिकलं. पहिल्या खोलीत ऑफिस. दुसरीत कॅसेटवाले टीव्ही गेम, तिसरीत त्यानंतरची मशीन. चौथीत माझी खाट आणि ओटा. पाचवीत सीडीवाले जुने कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात न्हाणीघर. सहावी रिकामी आहे, तिथे अजून लाइटही ओढलेला नाही.

पूर्वाला मिरजेला फोन केला. ती म्हणाली, म्हणजे तुला आता गेम खेळायचा पगार मिळणार, आणि माझ्या दहावीत तू केबल काढून ठेवली होतीस. मी म्हटलं, म्हणून तर मेडिकलला लागलीस. ती म्हणाली, हो, तेव्हापासूनच पेशंट आहे मी. तिचे बाबा गेल्यानंतर तिने असं बोलायला सुरुवात केली. मला ते बोलणं आवडतं. तिला सांगितलेलं नाही.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

अंगठ्याला फोड आला आहे. त्याचा अभिमान वाटतो आहे, हे या वयात कुणाला सांगायचं?

रणगाड्यांचा गेम अजून उत्तम आहे. विटांची भिंत, मधे आपला गरुड, चारी बाजूंनी शत्रू. पडद्यावर मोजकेच चौकोन, पण काय करायचं ते क्षणात कळतं. पाटीवर लिहिलं, ‘याला म्हातारपण नाही.’ मोटारींची शर्यत मात्र बघवत नाही. तेव्हा आम्हाला तो रस्ता खरा वाटायचा, वळणावर आम्ही अंगही वळवायचो. आज तो करडा त्रिकोण आहे आणि त्यावर गाडी नुसती थरथरते. बदकं मारायची बंदूक नव्या टीव्हीवर चालतच नाही, तिला जुना जाडा टीव्ही लागतो. विक्रमने तो मंडईजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडून मिळवला, तेव्हा कुठे बदक पडलं.

आवाजांनी मात्र मला पकडलं. ती पत्र्यासारखी ट्याँव ट्याँव सुरावट सुरू झाली आणि विश्रांतवाडीचं आमचं घर आठवलं. प्रज्ञेश, माझा धाकटा भाऊ, मांडी घालून टीव्हीपुढे. मी कॉलेजातली असून गेमच्या रिमोटसाठी त्याच्याशी भांडतेय. गेममधलं चित्र जुनं होतं, आवाज होत नाही. हेही पाटीवर लिहायचं आहे.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

डबा आणणाऱ्या मथुराबाईंना आज कामाला लावलं. दोन सैनिक जंगलातून पळतात तो गेम एकटीने नीट तपासता येत नाही. त्यांनी पदर खोचला, दुसरा रिमोट हातात घेतला आणि पहिल्याच खड्ड्यात उडी मारली. मग म्हणाल्या, ह्यात मरायचं असतं व्हय.

तासाभरात त्या तयार झाल्या. पण एका गोष्टीवरून माझ्याशी भांडल्या. या गेमांत पडदा फक्त पुढे सरकतो. डाव्या कडेमागे जे गेलं ते गेलं, परत जाता येत नाही. दोघं खेळत असले आणि एक पुढे पळाला, तर मागचा त्या कडेला सापडून मरतो. “तुमी पुढं पळता अन् मी चेपून मरते,” त्या म्हणाल्या. “जरा मागं बघत जावा की.” खिडकीतून बजरंग ओरडला, मावशी, आता ऑलिम्पिकला जावा. त्याला त्यांनी जे उत्तर दिलं ते मी वहीत लिहीत नाही.

पाटीवर लिहिलं, ‘आजच्या मुलांना हे सर्वांत विचित्र वाटेल. तेव्हा मशीनला मागचं लक्षात ठेवायला जागाच नव्हती.’

शनिवार, ११ नोव्हेंबर

विक्रम सकाळी सुटे भाग आणायला दिल्लीला गेला. दुसऱ्या खोलीतल्या खोक्याच्या तळाशी मला एक बिनलेबलची कॅसेट सापडली.

गुण नाहीत, शत्रू नाहीत, सुरावट नाही, नुसती बारीक गुणगुण. पिवळट भिंती, एकामागे एक खोल्या, आणि त्यांतून चालणारी चौकोनी बाई. मी नेहमीच्या सवयीने प्रत्येक भिंतीवर तिला आपटून बघितलं. चुका तपासणाऱ्यांची ही जुनी पद्धत आहे, कुठेतरी भोक सापडतं. इथे सापडलं नाही. पुढे गेलं की मागची खोली कडेआड जाते, एवढाच काय तो नियम. चौथ्या खोलीत खाट होती, दोन तपकिरी चौकोनांची. मला हसू आलं. इतका साधा गेम असून रिमोट खाली ठेववेना.

मग जेवायची वेळ झाली. या कॅसेटींत गेम साठवून ठेवायची सोय नसते, बंद केलं की सगळं जातं. प्रज्ञेश आणि मी तेव्हा काय करायचो, तर गेम पॉजवर ठेवून फक्त टीव्ही बंद करायचो. मशीन चालूच. त्यावर आईचा टॉवेल टाकायचा म्हणजे लाल दिवा दिसत नाही. आई बिचारी म्हणायची, पोरं शहाणी झाली. पुण्यात माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, त्याने हे केलेलं असतं.

आजही तेच केलं. बाई चौथ्या खोलीत, गेम पॉजवर, मशीनवर माझी ओढणी. फार बरं वाटलं.

रविवार, १२ नोव्हेंबर

सकाळी उठले तर चौथ्या खोलीतून तिसऱ्या खोलीत जायची चौकट नव्हती.

नीट लिहिते. भिंत आहे. चुना लावलेली, जुनी, कोपऱ्यात ओल आलेली भिंत. काल रात्री मी तिथूनच आले. चौकटीच्या जागी हात फिरवला, थाप मारली. पोकळ वाजत नाही. कान लावला तर, टीव्ही बंद असूनही, पलीकडे ती बारीक गुणगुण ऐकू येते. मशीन चालू आहे, आणि भिंतीच्या पलीकडे आहे.

विक्रम दिल्लीत. माझा फोन रात्री पाचव्या खोलीत चार्जिंगला लावला, तो अजून तिथेच आहे. चहा करून घेते. चहा झाल्यावर विचार करीन.

दुपार

मथुराबाई डबा घेऊन खिडकीशी आल्या. मी भिंतीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, दार तर उघडं हाय, आतल्या खोल्या दिसत्यात सरळ, या की भाईर. मी म्हटलं, तुम्हीच आत या आणि ओढणीखालचं मशीन बंद करा. का सांगितलं मी असं? मला वाटलं, ते बंद झालं की सगळं जागेवर येईल.

त्या आत आल्या. भिंतीपलीकडे त्यांच्या बांगड्या ऐकू आल्या. त्यांनी विचारलं, कंचं बटन दाबू. मी सांगणार, तेवढ्यात मनात आलं, बंद केलं की सगळं जातं. चौथ्या खोलीतल्या बाईसकट. मी ओरडले, दाबू नका, थांबा. त्या म्हणाल्या, बरं थांबते, अन् मग तुमाला काढू कसं. त्याच वेळी पाचव्या खोलीत फोन वाजला. पूर्वा असणार म्हणून मी उचलायला गेले. चौकट ओलांडली फक्त.

मथुराबाई बोलत होत्या. त्यांचा आवाज शब्दाच्या मधेच तुटला.

मागे वळले तर चौथी खोलीही नव्हती. खाट नाही, ओटा नाही, नुसती भिंत. तोच चुना, तीच ओल.

मी पुढे आले, आणि त्या मागे होत्या.

सोमवार, १३ नोव्हेंबर

बजरंगला हाका मारून बोलावलं. ग्राइंडर आणून त्याने खिडकीचे गज कापले, फारसं न विचारता. म्हणाला, या भाईर. मी हात पुढे केला. गज होते तिथे हात थांबला. टीव्हीच्या काचेला लागावा तसा, गार आणि किंचित झिणझिण्या येणारा. तो म्हणाला, कशाला मस्करी करता मॅडम, आणि त्याच जागेतून हात घालून त्याने मला पाण्याची बाटली दिली. त्याचा हात आत आला. मी तो धरला. त्याने काढून घेतल्यावर त्याचा हात बाहेर होता आणि माझा आत.

कागदाचा बोळा बाहेर फेकला. परत पायाशी आला. बजरंगने टाकलेलं केळं मात्र सरळ आत आलं.

त्याला विचारलं, मथुराबाई घरी गेल्या का. तो म्हणाला, कोण मथुराबाई?

मला वाटलं चिडवतोय. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चिडवत नव्हता.

मग तो म्हणाला, दार हाय की इकडं, त्याच्यातनं या. टोकाला गेला आणि दारावर टकटक केली. माझ्या समोरच्या भिंतीतून लाकडाचा आवाज आला. मी त्याला विचारलं, बाकीच्या खोल्या कुठे गेल्या. तो म्हणाला, पहिल्यापास्नं दोनच हायेत.

तो दार उघडत होता. मी इतकी किंचाळले की तो निघून गेला.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

एक मांजर खिडकीतून आलं, केळ्याची साल हुंगली आणि परत निघालं. त्या न दिसणाऱ्या काचेला धडकलं. अजून खिडकीत बसून ओरडतं आहे. म्हणजे जे आत येतं ते येतंच.

विक्रमचा फोन लागला. नाव सांगितलं. कोण आम्रपाली, म्हणाला. मी गेमांचं, संग्रहालयाचं सांगितलं. तो हसला. तिथे माझ्या दोन जुन्या खोल्या आहेत, म्हणाला, रिकाम्या, उघड्याच पडलेल्या. मॅडम, तुम्ही राँग नंबर लावलाय.

आता मला नियम कळला आहे. माझ्या मागे जे जातं ते नुसतं जात नाही. मी पुढची चौकट ओलांडली की ते कुणाला आठवतही नाही. ऑफिस मागे गेलं तशी नोकरी गेली. मथुराबाई गेल्या. त्यांना घरी कुणी असेल. त्यांच्या जेवणाला कुणी थांबत नसेल.

मी जागची हलत नाही. सहाव्या खोलीची चौकट उघडी आहे. आत काळं आहे. अंधार नाही, कॅसेट नीट बसली नाही की पडदा होतो तसं काळं. पलीकडची भिंत दिसत नाही.

पोलिसांना फोन केला. गाडी आली. हवालदार बाहेर उभा राहून म्हणाला, बाई, दार उघडू का. मी नाही म्हटलं. आत आला असता तर तोही. तो म्हणाला, मग बोलावलंत कशाला, आणि गेला.

बुधवार, १५ नोव्हेंबर

पूर्वाचा फोन. परीक्षा संपली. शनिवारी येते म्हणाली, कात्रजलाच उतरीन, तू राहतेस ती जागा बघीन.

नको म्हटलं. कारण विचारलं तर सुचलं नाही. काम आहे म्हटलं.  ती म्हणाली, आई, तू रडतेस का? मी म्हटलं, सर्दी. ती म्हणाली, मी मेडिकलला आहे, मला सर्दी ओळखता येते.

सगळं सांगितलं मग. शेवटी ती फार हळू बोलली. तू घाबरू नकोस, म्हणाली, फक्त बसून राहा, मी येते आणि तुला घेऊन जाते. पेशंटशी बोलतात तसं.

तिला पटलेलं नाही. ती येणार.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

दिवसभर एकच.

हलले नाही, तर ती दार उघडून आत येईल. विसाव्या वर्षी, माझ्याबरोबर, या भिंतीत. कायमची.

पुढे गेले, तर तिच्यासाठी दारच राहणार नाही. पण मग मी —

मग या खोल्यांबरोबर मीही कुणाच्या आठवणीत उरणार नाही. तिला आई कोण होती ते आठवणार नाही. केबल काढलेली. बाबा गेले त्या दिवशी दोघींनी एका ताटात खाल्लेला वरणभात. तिचं ते बोलणं कुणामुळे सुरू झालं, तेही नाही.

आणि ती आत असताना मी पुढे गेले तर — बांगड्या — नको.

प्रज्ञेशला फोन लावून बघितला. तो दुबईत. लागत नाही. त्याला एवढंच विचारायचं होतं, आपण पॉजवरचे गेम नंतर पूर्ण करायचो का. मला एकही आठवत नाही.

रात्रभर पूर्वाला मेसेज करते आहे. येऊ नकोस. येऊ नकोस. ती ‘झोप आई’ म्हणते.

शनिवार, १८ नोव्हेंबर

पूर्वा सातारा सोडला म्हणाली. दोनदा फोन केला, परत जा म्हटलं. फोन ठेवू नकोस, म्हणाली. 

मांजर मांडीवर घेतलं आहे. गरम आहे. त्याचं नाव ठेवायला नको होतं.

बजरंगला म्हटलं, मुलगी येईल, तिला दार उघडू देऊ नकोस. तो म्हणाला, पोरगी आईला भेटायला येतीय अन् मी आडवं येऊ? बरोबर आहे त्याचं.

—

आली. आवाज आला. रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालतेय. खिडकीतून मला पाहिलं, हसली. रडवेलं हसू. खिडकीपाशी थांब म्हटलं, थांबली नाही. दारापाशी गेली.

भिंतीवर टकटक. “आई, मी आलेय. दार उघडं आहे का? की पासवर्ड आहे?”

मी चौकटीपाशी उभी आहे. सहाव्या. एक पाय —

किती आत आलीस, पूर्वा? विचारलं. म्हणाली, अगं बाहेरच आहे. सँडल काढतेय.

कुणी शिकवलं तिला बाहेर काढायला. मीच. बक्कलं घट्ट आहेत तिची. वाकली असेल. एक निघालं, दगडावर पडलं. दुसरं —

मोठी झालीस गं. जेवत जा वेळेवर.

ओलांडते —

—

काही दिसत नाही. लिहिता येतंय. मांजर आहे. पायाखाली काही आहे की नाही कळत नाही, पण पडत नाही.

ऐकू येतंय अजून, लांबून. तिचाच. ठीक आहे ती, बाहेर आहे. बजरंगशी बोलतेय. विचारतेय, मिरजेची गाडी कुठे मिळेल. तो म्हणतोय, अनवाणी कुठं निघाला, अन् आला कुणाकडं होता. ती हसतेय. म्हणतेय, तेच तर मला आठव—